कण आणि कणी

आम्ही चौथी शिकलेले. भात लावायचं नि कीर्तन करायचं, एवढंच येतं. दिंडीच्या शंभरीला मोठं काय बोलणार? म्हणून लहान शब्द घेतलाय, 'कण'.

कण शब्द मूळ संस्कृतातला. दाणा हाही अर्थ, नि बारीक तुकडा हाही. कणी, कण्या, कणीक ही सगळी त्याचीच लेकरं. 'कणिश' वरून आपलं कणीस झालं. कणाद ऋषींच्या नावाचा अर्थच कण खाणारा. शेतात सांडलेले दाणे वेचून ते पोट भरत, अशी कथा सांगतात. आणि जग परमाणूंचं बनलंय, हा वैशेषिकांचा विचार त्यांच्याच नावावर आहे. 'अणु' चंही तसंच. बृहदारण्यक उपनिषदात दहा धान्यं सांगितलीत, त्यात अणु हे एका बारीक धान्याचं नाव.

आम्ही कीर्तनात सांगायचो, अणू म्हणजे ज्याचा आणखी तुकडा होत नाही. एकदा घरी आल्यावर नात म्हणाली, "आजोबा, अणूच्या आत इलेक्ट्रॉन, प्रोटॉन असतात." मंडळीत बोलली नाही, ही तिची माया. पुढच्या कीर्तनात आम्ही उभ्यानं चूक कबूल केली.

पण माउली, तिला अणू ठाऊक, कणी ठाऊक नाही! कशी असणार? आपल्या पूर्णा गावात भाताच्या जागी गोदामं उभी राहिली. आमचाही तुकडा गेला. त्या पैशानं घर झालं, हे नाकारत नाही. पण त्या जागेवर आता कणीस येत नाही.

आमची आई तांदूळ पाखडायची. अख्खा दाणा विकायला, कणी घरात. त्या कणीच्या पेजेवर आम्ही भावंडं वाढलो. उरलेल्या तुकड्यात अजून भात करतो. गेल्या साली नातीला सूप धरायला शिकवलं, पेज करून वाढली. मग विदुराच्या कण्यांची कथा सांगितली. म्हणाली, "आता कळलं, देव काय जेवला."

एकच मागणं. ज्याचं शेत उरलंय, त्यानं वारीच्या शिध्यात घरचे मूठभर तांदूळ द्यावेत. कणी असली तरी चालेल. शेत नसेल त्यानं वाढायला यावं, नि संगतीला पोरं आणावीत.

रामकृष्ण हरी.