टॅबच्या बैठकीस यूएसबीची जोड

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो दिसावयास अगदी लहान आहे. शाळेतील टॅब उभा ठेवून चार्ज करण्यासाठी जी बैठक मिळते, जिला डॉक असे म्हणतात, तिला पेनड्राइव्ह लावता येईल असे यूएसबीचे तोंड कसे बसवावे, एवढाच हा विषय. परंतु या लहानशा कामात माझ्या हातून एक चूक घडली आणि तिचे परिणाम आपल्यापैकी काहींच्या शाळांना भोगावे लागले. म्हणून आधी चूक सांगतो, मग काम सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेत शिक्षकांसमोर हेच प्रात्यक्षिक करावयास मी उभा राहिलो. लाल तार धन आणि काळी तार ऋण, हे मला पाठ होते. त्या पाठांतरावर विसंबून मी तारा जोडल्या. मोजणी केली नाही. मी घेतलेल्या स्वस्त केबलमध्ये रंग उलटे होते. बटण दाबताच जळका वास आला, पडदा काळा झाला आणि तो टॅब पुन्हा उजळला नाही. तो गावकऱ्यांच्या वर्गणीतून घेतलेला होता. भरपाई मी केली, पण जी हानी पैशाने भरून येत नाही ती पुढे दिसली. त्यानंतरच्या भेटींत एकामागून एक शाळांमध्ये मला टॅब कपाटात कुलूपबंद आढळले. “साहेबांच्या हातून बिघडतो, तर आमचे काय?” असे कोणी तोंडावर म्हणाले नाही, पण कपाटे तेच बोलत होती.

कपाटातला टॅब सुरक्षित राहतो, हाही भ्रमच होय. त्यातील लिथियमची बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. ती पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्महिने पडून राहिली, तर पुढे चार्ज घेईनाशी होऊ शकते. मोठ्या सुट्टीत ठेवावयाचाच झाला, तर टॅब निम्म्याच्या आसपास चार्ज करून, बंद करून ठेवावा आणि मधून एकदा पाहावा. जे उपकरण आपण भीतीने जपतो, ते भीतीनेच मरते.

आता या जोडणीची गरज का, ते पाहू. आपल्या डोंगराकडील शाळांत इंटरनेटचा भरवसा नाही. पाठांच्या चित्रफिती केंद्रशाळेतून पेनड्राइव्हवर न्याव्या लागतात. टॅबला तोंड एकच. तो बैठकीत बसविला, की ते तोंड बैठकीने व्यापले. पेनड्राइव्ह लावावयाचा तर टॅब बाहेर काढावा, जोडतार लावावी, एका हाताने टॅब धरावा आणि दुसऱ्या हाताने चाळीस मुले आवरावीत. लोंबत्या तारेला एखाद्याचा धक्का लागला, की घाव टॅबच्या तोंडावरच बसतो, आणि ते तोंड बदलणे खर्चाचे काम आहे. उलट बैठकीला बसविलेले मोठे चौकोनी तोंड झिजले, तर ते थोडक्यात बदलता येते. झीज व्हावयाचीच असेल, तर ती स्वस्त भागाची व्हावी, हे या फेरफारामागील तत्त्व आहे.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तिची मूळ रचना आपल्या वर्गासारखीच आहे. गुरुजींनी विचारावे, मुलाने उत्तर द्यावे. विचारल्यावाचून मुलाने बोलू नये. संगणक हा गुरुजी, पेनड्राइव्ह हा विद्यार्थी. दोन विद्यार्थी एकमेकांस जोडले, तर कोणीच बोलणार नाही. टॅबची स्थिती मात्र वर्गनायकासारखी आहे. संगणकास जोडला, की तो विद्यार्थी. पेनड्राइव्ह जोडला, की त्याला गुरुजींच्या जागी उभे राहावे लागते. ही दुहेरी भूमिका २००१ साली ‘ऑन-द-गो’, म्हणजे ओटीजी, या नावाने नियमबद्ध झाली.

कोणत्या वेळी कोणती भूमिका घ्यावी, हे टॅबला कळते कसे? मायक्रो यूएसबीच्या लहान तोंडात पाच स्पर्शबिंदू असतात. पहिला धन ५ व्होल्टचा, दुसरा व तिसरा माहितीचे, चौथा ओळखीचा आणि पाचवा ऋण. चौथा मोकळा असेल, तर टॅब विद्यार्थी राहतो. तो पाचव्यास जोडला, की टॅब गुरुजी होतो आणि स्वतःच ५ व्होल्टचा पुरवठा बाहेर देऊ लागतो. यातच धोक्याचे मूळ आहे. टॅब पुरवठा देत असता बाहेरून चार्जरचाही पुरवठा त्याच तारेवर आला, तर दोन प्रवाह समोरासमोर येतात. काही टॅब एकाच वेळी पेनड्राइव्हही वाचतात आणि चार्जही होतात; पण पुष्कळांना ते साधत नाही. यास्तव आपण असे धरून चालावे, की एका वेळी एकच काम होईल: चार्जिंग तरी, नाहीतर वाचन तरी.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो.

पहिली गोष्ट, काही उघडण्यापूर्वी तयार ओटीजी केबल आणून तिने टॅब पेनड्राइव्ह वाचतो की नाही ते पाहा. वाचत नसेल, तर पेनड्राइव्हची मांडणी एफएटी-३२ पद्धतीची आहे ना, हे तपासा. अनेक टॅबना दुसरी मांडणी वाचता येत नाही. या मांडणीत एकेक फाइल ४ जीबीपेक्षा लहान असावी लागते. एवढे करूनही वाचत नसेल, तर तेथेच थांबा. जे टॅबमध्येच नाही, ते बैठकीला भोक पाडून येणार नाही.

दुसरी गोष्ट, टॅब बाजूला ठेवून, चार्जर काढून बैठक उघडा. पुष्कळ बैठकींत चार्जिंगपुरत्या धन आणि ऋण या दोनच तारा पुढे नेलेल्या असतात, आणि माहितीचे दोन बिंदू एकमेकांस जोडलेले असतात. ती जोड म्हणजे ‘येथे चार्जर आहे, संगणक नाही’ अशी टॅबला दिलेली खूण होय. ती तोडावी लागेल. मग मल्टिमीटरने पाहा, की टॅबकडील खुंटीचा चौथा बिंदू आतल्या पट्टीवर कोठे उघडा मिळतो काय. तो मिळत नसेल, तर हा फेरफार त्या बैठकीत होणार नाही. बैठक बंद करून ओटीजी केबलच वापरावी. त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, जोडणी. बाजारात ज्यास डीपीडीटी स्विच म्हणतात, ते सहा पायांचे बटण घ्यावे. त्यात तीन-तीन पायांच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीतील मधल्या पायास टॅबची धन तार, एका टोकास चार्जरची धन आणि दुसऱ्या टोकास नव्या तोंडाची धन जोडावी. दुसऱ्या ओळीत मधल्या पायास ओळखीचा बिंदू जोडावा. चार्जरच्या बाजूचे टोक मोकळे ठेवावे आणि नव्या तोंडाच्या बाजूचे टोक ऋणास जोडावे. माहितीच्या दोन तारा सरळ नव्या तोंडाकडे न्याव्यात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये आणि त्या आखूड ठेवाव्यात. ऋण तार सर्वांची एकच. अशा रीतीने बटण एका बाजूस असता चार्जिंग, दुसऱ्या बाजूस असता वाचन; आणि चार्जरचा पुरवठा व टॅबचा पुरवठा यांची गाठ कधीच पडत नाही. माहितीची जोड तोडल्यामुळे चार्जिंग काहीसे सावकाश होईल. ते रात्रीवर सोपवावे.

चौथी गोष्ट, जी मी केली नाही ती. टॅब बसविण्यापूर्वी मोजा. चार्जर लावून टॅबकडील खुंटीवर पहिल्या आणि पाचव्या बिंदूंमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यावेत आणि धन-ऋणाचे चिन्ह बरोबर यावे. मग चार्जर काढा, बटण दोन्ही बाजूंस फिरवा आणि चार्जरच्या धनाचा नव्या तोंडाच्या धनाशी कोठेही संबंध येत नाही, हे पाहा. एकाने मोजावे, दुसऱ्याने वहीत लिहावे. तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नये. मल्टिमीटरच्या आकड्यावर ठेवावा.

वापरातही दोन नियम पाळावेत. पेनड्राइव्ह सेटिंगमधून अलग केल्याशिवाय बटण फिरवू नये. आणि टॅबकडून मिळणारा पुरवठा तुटपुंजा असतो, म्हणून त्या तोंडाला पेनड्राइव्ह किंवा कळफलक लावावा. मोठी हार्डडिस्क लावू नये.

ज्यांच्या टॅबला नवे टाइप-सी तोंड आहे, त्यांनी यातले काही करू नये. त्या तोंडात २४ बिंदू असतात आणि ओळख पटविण्याची रीत निराळी असते. त्यासाठी चार्जिंगची सोय असलेला तयार हब मिळतो. तो आपला टॅब स्वीकारतो ना, एवढे पाहून घ्यावा. तसेच हमीची मुदत चालू असेल, तर बैठक उघडू नये. शाळा व्यवस्थापन समितीला आधी सांगावे आणि फेरफाराची नोंद जडसंग्रह नोंदवहीत तारखेसह करावी. फेरफार बैठकीत करावा. टॅबला स्वतःला हात लावू नये.

बंधुभगिनींनो, १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना मांडली. हाताच्या उद्योगातून बुद्धीचे शिक्षण, हे तिचे सार. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानेही कार्यानुभवाचा आग्रह धरला. त्या काळी हातात टकळी होती. आज मल्टिमीटर असला, म्हणून तत्त्व बदलत नाही. सोल्डरिंगची तापलेली सळई मुलांच्या हाती देऊ नये; पण सातवीच्या मुलांना मापन अवश्य करू द्यावे. विजेच्या पाठातील व्होल्ट हा शब्द त्यांना आकड्यात दिसेल. आपले गुरुजी मोजतात, लिहितात आणि मगच बटण दाबतात, हे त्यांनी पाहिले, तर तो पाठ कोणत्याही चित्रफितीपेक्षा मोठा होईल.

तो टॅब जळाल्यावर मी त्या गावच्या समितीपुढे जाऊन चूक कबूल केली. बैठकीत एक वृद्ध शेतकरी होते. ते म्हणाले, “साहेब, नांगर मोडला म्हून कुनी रान पडीक टाकतं व्हय?” त्या एका वाक्याने मला पुन्हा उभे केले. पुढे त्याच शाळेत, त्याच शिक्षकांबरोबर, प्रत्येक बिंदू मोजून मी दुसरी बैठक तयार केली. ती आजही चालू आहे.

आपणांस माझी विनंती एवढीच, की उद्या शाळेत गेल्यावर प्रथम कपाटाचे कुलूप काढा आणि टॅब चार्जिंगला लावा. यूएसबीचे तोंड पुढच्या महिन्यात बसविले तरी चालेल.