दऱ्या आणि दर्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेच्या माणसाने संगणकाच्या एका आज्ञेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण छपाईला जाण्याआधी मजकूर साफ करण्याचे काम आता मुद्रितशोधकाच्या लाल पेनाकडे पूर्वीइतके राहिलेले नाही. बरेचसे ते यंत्राकडे गेले आहे. हे यंत्र कचरा कशाला समजते, ते लिहिणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

गोष्ट १९७०च्या सुमाराची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणकप्रणाली आकाराला येत होती. १९७१मध्ये तिथल्या पेटंट विभागाने ती वापरायला घेतली, तीही कागदपत्रे नीटनेटकी मांडून छापण्यासाठी. तेव्हाचे छपाईयंत्र टंकयंत्राच्याच जातीचे. अक्षर ठळक हवे असेल तर ते एकदा उमटवायचे, एक घर मागे यायचे आणि त्याच जागी पुन्हा उमटवायचे. अधोरेखित करायचे तर आधी रेघ, मग मागे येऊन तिच्यावर अक्षर. कागदावर हे छान दिसे. पण ज्या यंत्राला मागे सरकता येत नाही, त्याच्याकडे हाच मजकूर गेला की सगळा घोळ. अशा वेळी ‘कॉल’ नावाची एक छोटी आज्ञा कामी येते. तिला ‘बी’ हा पर्याय जोडला की ती मागे सरकण्याच्या खुणा काढते आणि एका जागी सर्वांत शेवटी जे उमटले तेवढेच ठेवते. लिनक्सवर ती आजही मिळते.

इंग्रजीला हा नियम मानवतो, कारण तिथे एका घरात एकच अक्षर राहते. आपल्या लिपीचे मात्र एकत्र कुटुंब. मराठी टंकयंत्र ज्यांनी चालवले आहे त्यांना आठवत असेल, मात्रेची कळ दाबली तरी गाडा पुढे सरकत नसे. मात्रा आणि अक्षर यांना एकाच घरात बसायचे असे. म्हणजे ठशावर ठसा ही त्यांच्याकडे सजावट, आपल्याकडे ते अक्षरच.

युनिकोडमध्येही हे कुटुंब सुटलेले नाही. ‘दऱ्या’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. या चिन्हाला रुंदी नाही, ते दिसत नाही. दुसऱ्या तऱ्हेत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. मूळ यादीत हा ऱ द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी आहे. त्याचे अर्धे रूप मात्र आपल्या उपयोगी पडते. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे.

आता मजकूर साफ करणाऱ्या आजच्या आज्ञा बघा. इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य खुणा भरपूर येतात, आणि त्या काढाव्याच लागतात. पण ‘जे दिसत नाही ते सगळे काढ’ असे सांगितले, की ते जोडचिन्हही जाते आणि र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. माझ्या एका कवितेत बालाघाटाच्या दऱ्या होत्या. छापून आला तो बालाघाटाचा दर्या! आमच्या दुष्काळी जिल्ह्याला फुकटात समुद्र मिळाला. दर्या हा शब्द फारसीतून आलेला, मलाही प्रिय. पण तो भूम-परंड्याकडे कसा यावा?

कुणी म्हणेल, मराठीत नुक्ता लागत नाही, तोही झाडून टाका. युनिकोडमध्ये ऱ हा ‘र अधिक नुक्ता’ असा फोडूनही लिहिता येतो. तसा लिहिलेला असेल तर नुक्ता गेला की पुन्हा दर्याच.

हा केवळ कवीचा हट्ट नव्हे. आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना देऊन कसे चालेल? आणि ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचे ‘शेतकर्यांना’ झालेले तर संकेतस्थळांवर आणि पत्रकांत वारंवार दिसते. ज्यांच्यासाठी पत्रक काढायचे, त्यांचेच नाव मोडलेले.

उपाय अवघड नाही. साफसफाईची आज्ञा देण्याआधी अदृश्य जोडचिन्हाचा अर्धा र शोधून तिथे ऱ चे रूप घालावे. ते अखंड ऱ चे असावे, फोडलेले नको. मूळ प्रत बाजूला जपून ठेवावी. मग ‘डिफ’ नावाची आज्ञा चालवावी. ती जुन्या आणि नव्या प्रतीत जिथे जिथे फरक पडला त्या ओळी समोर ठेवते. तेवढ्या ओळी मराठी जाणणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात. चार-दोन मिनिटांचे काम आहे. ते झाल्यावरच मजकूर छपाईला सोडावा.