तक्रारीचा पहिला कागद

(संस्थेच्या महिला मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही काही विचारवंत नाही; बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. एका व्हाउचरवरचा आकडा चुकला की संध्याकाळी हिशेब जुळत नाही, एवढे मात्र आम्हाला कळते. म्हणून आज एका कागदाबद्दलच बोलायचे आहे. आपल्या भगिनीवर अत्याचार झाल्यावर पोलीस ठाण्यात लिहिला जाणारा पहिला कागद.

खैरलांजी आपण विसरलेलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. त्या माउलीने एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींविरुद्ध जबानी दिली होती. भंडारा न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० साली ती फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. पण दोन्हीकडे अ‍ॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. जातीच्या कारणावरून हे घडले असे सिद्ध होत नाही, असा निर्णय झाला. अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उभी राहिली नाही!

हा कायदा १९८९ चा. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, म्हणून तो आपल्या भगिनींनाही लागू झाला. गंभीर गुन्ह्यांच्या कलमात पूर्वी जातीचे कारण सिद्ध करावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, जात माहीत असताना गुन्हा केला एवढे पुरते. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय धरून चालते. म्हणून 'आरोपी आमच्याच वस्तीजवळचा, आम्हाला ओळखतो' हे वाक्य तक्रारीत हवेच हवे.

आता घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतील एका भगिनीचा रस्त्यात हात धरला गेला. ती एकटी ठाण्यात गेली, तर अदखलपात्र नोंद करून तिला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी दोन उपासिका आणि आम्ही सोबत गेलो. जात विचारली. ती म्हणाली, बौद्ध. मूळ जात? ती गप्प. बाहेर येऊन म्हणाली, "दादा, आजोबांनी दीक्षाभूमीवर जो शब्द टाकला, तो मी परत तोंडाने कसा काढू?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आजही सुचत नाही. वकिलाच्या तोंडी ते सोपे असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीला सोपे नसते. ठाण्याबाहेरच्या टपरीवर चहा झाला, कोणी काही बोलले नाही. मग ती आपणच उठली, आत गेली आणि म्हणाली, लिहा. धर्म बौद्ध. आणि त्यापुढे मूळ जातही तिने स्वच्छ आवाजात सांगितली. या वेळी गुन्हा अ‍ॅट्रॉसिटीखाली नोंदला गेला.

विद्यार्थ्यांनो, तुमचे अक्षर चांगले, वाचन चांगले. सही करण्यापूर्वी जबाब तिला मोठ्याने वाचून दाखवा. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. हद्द आमची नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत हे स्पष्ट लिहिले आहे. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

मोर्चाला आपण ट्रक भरून जातो. तारखेला मात्र ती बाई एकटी बसलेली असते, आणि समोरच्या बाकावर आरोपीचे दहा नातेवाईक. आमच्या भगिनीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आम्ही रजेचा अर्ज दिला आहे. तिच्याशेजारी बसायला आणखी दोन उपासिका हव्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे.