रंगापूर्वींचें काम

सावंतवाडीच्या चितार आळींत लांकडी फळें मांडलेलीं पाहून नवख्या पाहुण्याचा हात नकळत केळ्याकडे जातो. ही किमया सगळी रंगाची, असें मीही पुष्कळ वर्षें समजत होतों.

शाळेंत असतांना प्रदर्शनासाठीं मुलांकडून हातभर लांबीचें एक गलबत मीं करवून घेतलें. दिवस श्रावणांतले आणि घाई मोठी. ओलसर लांकडावरच तैलरंग दिला, वर चपडा लाखेचें रोगण. दुसऱ्या दिवशीं त्यावर बुरशीसारखी पांढरी झांक आली आणि महिन्याभरांत रंगाचे पापुद्रे सुटले. मुलांचे चेहरे उतरले. मीं मात्र दोष बाजारच्या रंगाला दिला.

पुढें एका वृद्ध कारागिरानें खरें कारण सांगितलें. रोगणांतलें स्पिरिट उडतांना पृष्ठभाग गार होतो व हवेंतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. तीच ती पांढरी झांक. म्हणून रोगण कोरड्या दिवशीं द्यावें, पातळ द्यावें, आणि एकदां कुंचला फिरला कीं मागें वळूं नये; वळलें तर खालचा थर विरघळून वर येतो. पांगाऱ्याचें लांकूड हलकें व सच्छिद्र, तें रंग पिऊन टाकतें. तेव्हां आधीं तें वाळवावें, खडूची भुकटी सरसांत कालवून भोंकें बुजवावींत, मग घासावें. आपल्या गंजिफांचेंही असेंच. कापडावर चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा थर, मग घोटणी, चित्र त्यानंतर. दशावतारी गंजिफेचीं अशीं १२० पानें! ही विद्या लोपत असतां १९७० नंतरच्या दशकांत श्री. शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी यांजकडून ती शिकून घेतली, हे आपलें भाग्य.

आतां रंगाविषयीं. वस्तु लहान केली कीं रंगही किंचित् फिका करावा. धक्क्यावरून दूरचें तारूं पाहा. त्याची निळाई धुरकट दिसते. आपलें लहान गलबतही डोळ्याला तसेंच दूरचें वाटतें. चकाकीचेंही तेंच. वांगें चकाकावें, चिकू कधींच नाहीं.

दुसऱ्या वर्षीं पौषांत तें गलबत आम्हीं खरवडून नव्यानें रंगविलें. तें घडविणारीं मुलें तोंवर शाळा सोडून गेलीं होतीं. डोलकाठी तेवढी जुनीच ठेवली. तिच्यावर ती पांढरी झांक अजून आहे.