ओसरीला सागवान की 'कंपोझिट'?



वाशीम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या मोठ्या गावात फेरफटका मारला, तर एकाच गल्लीत घरांच्या दोन पिढ्या दिसतात. एकीकडे मातीच्या भिंतींचे, लाकडी खांब-तुळयांवर उभे असलेले धाब्याचे घर आणि त्याला लागूनच सिमेंटच्या स्लॅबचे नवे घर. जुने पाडून नवे बांधताना घरधन्यापुढे हमखास एक प्रश्न येतो. दाराची चौकट, ओसरीचे खांब, माडीच्या गॅलरीतल्या फळ्या सागवानाच्या करायच्या, की दुकानदार दाखवतो त्या 'कंपोझिट'च्या? "याला उधई लागत नाही, पाणी लागत नाही, पॉलिश लागत नाही," हे ऐकून माणूस हरखतो. पण निर्णय एकदाच करायचा आणि पुढे वीस-तीस वर्षे त्याच्यासोबत राहायचे, म्हणून थोडे खोलात जाऊ.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचे मिश्रण. अमेरिकेत घराच्या मागे फळ्यांचा उघडा ओटा करतात, त्याला 'डेक' म्हणतात. तिथे हे डेक बहुतेक पाइनसारख्या मऊ लाकडाचे. ते कुजू नये म्हणून त्यात आर्सेनिक असलेले रसायन मुरवत. घरगुती बांधकामासाठी हा प्रकार २००३ च्या अखेरीस तिथे बंद झाला. १९९० च्या दशकात बाजारात आलेल्या कंपोझिट फळ्यांना त्यामुळे आणखी जोर मिळाला. म्हणजे कंपोझिट हे उत्तर आहे ते पाइनच्या दुखण्यावरचे. आपली तुलना मात्र सागाशी आहे, हे विसरू नये.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि कीटकांना न मानवणारी द्रव्ये असतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, तो काही उगाच नाही. पण हा गुण गाभ्याचा. सालीलगतचा पांढरट भाग कोणत्याही हलक्या लाकडासारखाच; त्याला उधईही लागते आणि तो कुजतोही. 'सागवान' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त चौकटीत हाच पांढरा भाग जास्त असतो. तेव्हा लाकूड घेताना रंग लावण्याआधी, उजेडात, चारही बाजूंनी पाहावे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. जुन्या कारागिरांना टक्केवारी ठाऊक नव्हती, पण त्यांनी खांबाखाली दगडी तळखडा बसवला, तो याच कारणासाठी. आज आपण चौकटीचे पाय थेट ओल्या सिमेंटमध्ये गाडतो आणि पाच-सात वर्षांनी लाकडाला नावे ठेवतो.

आता कंपोझिटकडे वळू. या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, उघड्यावर वापरायची जड फळी. तिच्यात बहुधा पॉलिथिन आणि भुसा असतो. दुसरी, दारे-चौकटींसाठीची 'डब्ल्यूपीसी'; आपल्याकडे ती बहुधा पीव्हीसीचा फेस करून बनवतात आणि तिच्यात भुसा पुष्कळदा नावालाच असतो. पहिलीचे गुण दुसरीला लावून सांगितले जातात, तिथे गिऱ्हाईक फसते.

दोन्हींना उधई खात नाही, हे खरे. मात्र उधई त्यांच्यावरून माती चढवत शेजारच्या खऱ्या लाकडापर्यंत पोचू शकते. म्हणून पायाच्या मातीची फवारणी टळत नाही.

खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, की उन्हातली गडद फळी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. अनवाणी पाय ठेववत नाही. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. कंपोझिटचे उलट, ते उष्णतेने लांबीत वाढते. हिवाळ्याची पहाट आणि मेची दुपार यांत फळीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तरी १० फुटांची फळी सुमारे ४-५ मिलिमीटर वाढते. टोकाला फट सोडली नाही, तर ती कमानीसारखी उचलली जाणार. शिवाय तिची ताठरता लाकडापेक्षा बरीच कमी असते. खालचे आधार १६ इंचांच्या आतच हवेत, नाहीतर मधे झोळ पडतो. आणि सागाची फळी काळवंडली तर सुतार रंधा मारून पुन्हा नवी करतो. कंपोझिटचा रंग उडाला, की त्यावर रंध्याचा इलाज नाही.

मग काय करावे? न्हाणीघराचे आणि संडासाचे दार डब्ल्यूपीसीचे करावे. रोज पाणी पडते तिथे ते लाकडाला भारी पडते. मात्र आधी एक तुकडा मागून घ्या. वजन करा, आठवडाभर बादलीत बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. फरक दिसला, तर ते दुकान सोडा. त्याच तुकड्यात स्क्रू पिळून ओढून बघा. बिजागरीचा भार त्यावरच असतो. मुख्य दाराची चौकट मात्र लाकडाचीच बरी. खूप खर्च येतो म्हणाल, तर हिशेब मांडू. ७ बाय ३ फुटांची, उंबरठ्यासह चौकट म्हणजे २० फूट लाकूड. ४ इंच बाय अडीच इंच जाडीने ते १.४ घनफुटाच्या आत बसते. भाव घनफुटाचा विचारा. अख्ख्या चौकटीचा मोघम आकडा ऐकून घाबरू नका.

आणि लाकूड विकत घेण्याआधी आपल्याच आवारात बघा. जुन्या घराच्या तुळया पडल्या-पडल्या ढिगाने, जळणाच्या भावात विकल्या जातात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेला सागाचा गाभा बाजारात शोधून मिळत नाही. तुळई हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग कापा. खिळे एकूण एक काढा, कारण एका खिळ्याने आरामशीनचे पाते जाते. एका चांगल्या तुळईतून दोन चौकटी निघू शकतात. बांधावरचा उभा साग तोडायचा असेल, तर मात्र आधी परवानगी काढा. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग येतो.

घरकुलाचे अनुदान हाती घेऊन घर उभे करणाऱ्याला दारामागे वाचलेले दोन-तीन हजारही मोठे असतात. म्हणून पुढच्या वेळी जुने घर उतरवताना भंगारवाल्याच्या आधी सुताराला बोलवा. ढिगातले काय ठेवायचे आणि काय द्यायचे, हे तो अर्ध्या दिवसात सांगेल.