होय, अलिबागहूनच आलेय!
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू जगभर फिरतेस, प्रवासाबद्दल बोल." आयफेल टॉवर, नायगरा वगैरे तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलंच आहे, त्यामुळे त्याबद्दल मी बोलणार नाही. मी सांगणार आहे ते पाच-दहा मिनिटांचे प्रसंग आहेत. त्यांचे फोटोही माझ्याकडे नाहीत.

इंजिनिअरिंगला मुंबईत गेले तेव्हा आपल्या तालुक्याच्या नावाचा एक अर्थ मला पहिल्यांदा कळला. "मी काय अलिबागहून आलोय?" म्हणजे मी काय भोळसट आहे? हॉस्टेलवर हे वाक्य रोज कानावर पडायचं आणि मी खरोखरच अलिबागहून आलेली! २०१९ साली या वाक्यावर बंदी घाला म्हणून कोणीतरी उच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने ती याचिका फेटाळली, ते बरंच झालं. कारण हेच वाक्य मी पुढे जर्मनीत ऐकलं, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी उलटा होता.

मी वीजवितरणाच्या जाळ्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. सूर्यावर मोठं वादळ झालं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्याचा फटका विजेच्या तारांना बसतो. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्यामुळे सुमारे नऊ तास अंधार होता. या विषयावरच्या एका परिषदेसाठी मी पॉट्सडॅमला गेले होते. चहाच्या वेळी एका पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञांनी मला गाव विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "तू अलिबागहून आलीस? खरंच?" १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला आलं. ज्या कुंपणाजवळून आपण सायकली दामटत समुद्रावर जायचो, त्या चुंबकीय वेधशाळेतल्या नोंदी हा माणूस आयुष्यभर वाचत आला होता. त्यांनी चार जणांना बोलावून माझी ओळख करून दिली, आणि माझ्या भाषणाबद्दल मात्र एक शब्द काढला नाही!

दुसरा प्रसंग इस्रायलमधला. कामासाठी तेल अवीवला गेले असताना एक सहकारी मला दक्षिणेला, वाळवंटातल्या दिमोना गावी घेऊन गेला. तिथे आपल्या किनाऱ्यावरून गेलेली बेने इस्रायली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याकडे त्यांना 'शनवार तेली' म्हणत. केहिमकर, चेऊलकर, झिराडकर ही आडनावं त्यांनी तिथेही जपली आहेत. एका छोट्या दुकानात गल्ल्यावर एक आजी होत्या. मला पाहून विचारलं, "कुठली गो तू?" "चौलची," म्हटलं. लहान असताना त्यांनी गाव सोडलेलं. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात अजून चालत जाता येतं का, हे त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "आणि वाडीत पहाटे रहाटाचा आवाज येतो ना अजून?" मी सांगितलं, "आजी, आता पंप आले." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला जाग कशी येते?" निघताना गोड पोह्यांचा मलिदा त्यांनी डब्यात भरून दिला. पैसे घेतले नाहीत.

तिसरा प्रसंग रशियातला. मॉस्कोहून रेल्वेने त्वेरला गेले, कारण तिथे व्होल्गाच्या काठी अफनासी निकितिनचा पुतळा आहे. पंधराव्या शतकात हा व्यापारी समुद्र ओलांडून आपल्या चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्यातला त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ तुम्हाला माहीत आहेच. गोरा माणूस पाहून आपल्या गावातली माणसं त्याच्या मागे मागे फिरली, असं त्याने लिहून ठेवलंय. पुतळ्यापाशी एक बाई नातीला घेऊन उभ्या होत्या. मोबाइलवरून भाषांतर करत मी सांगितलं, "हा जिथे उतरला, त्या गावची मी." नातीने बाकीच्या मुलांना हाका मारल्या आणि पुढचा अर्धा तास ती सगळी पोरं माझ्या मागे मागे! साडेपाचशे वर्षांची परतफेड झाली म्हणायची.

पण निकितिन स्वतः त्वेरला परत पोचला नाही. वाटेतच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. हे मला तिथे उभं राहून फार लागलं, कारण ३ जून २०२० माझ्या लक्षात होता.

त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. मी ॲम्स्टरडॅममध्ये, विमानं बंद, आई चौलला एकटी. वीज नाही, फोन नाही. अख्ख्या पृथ्वीचे नकाशे माझ्या स्क्रीनवर होते आणि माझ्या घराचं छप्पर आहे की नाही हे मला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक मेसेज आला. "काकू बऱ्या आहेत. कौलं गेली. चहा घेऊन आलो." आपल्या वर्गातला हा मुलगा आडव्या पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आमच्या घरी गेला होता, आणि नंतर रेंज मिळेपर्यंत कितीतरी लांब चालला होता. तो आज इथेच बसलाय. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. मी आजवर जगात वाचलेल्या सगळ्या अक्षरांत ती तीन वाक्यं मला सर्वांत मोलाची आहेत.

आमच्या वाडीतल्या बहुतेक सुपाऱ्या त्या दिवशी मोडल्या. नंतर दलाल आले, "बंगल्याला गिऱ्हाईक आहे" म्हणाले. भावाने आणि मी नाही म्हणून सांगितलं. इथे राहिलेल्या तुम्ही चौघा-पाच जणांनी खड्डे खणले, रोपं लावली, पाणी घातलं. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे ठाऊक असून लावली.

म्हणून एकच मागणी करते. शाळेतल्या मुलांची वर्षातून एक सहल आपण करू. वेधशाळा, नवगाव आणि रेवदंडा, तिन्ही एका दिवसात होतं. बसचा खर्च बाहेर राहणाऱ्या आम्ही करू. गोष्टी इथल्यांनी सांगायच्या. उद्या ही मुलंही जगभर जातील. कोणी विचारलं, "अलिबागहून आलास काय?" तर "होय" म्हणून पुढे सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काहीतरी असू दे.