पुण्याहून मुंबईला: प्रोग्रॅममधल्या विभक्ती

आज सुरुवात शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यापासून. हो, तोच, 'स, ला, ते' घोकायला लावणारा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा काढून बघावा असं मला वाटतं.

'मी पुण्याहून मुंबईला गेलो' म्हणा, नाहीतर 'मुंबईला मी पुण्याहून गेलो'. रोख बदलतो, प्रवासाची दिशा बदलत नाही, कारण 'हून' आणि 'ला' त्या त्या शब्दाला चिकटलेले आहेत. इंग्रजीत 'राम सॉ सीता' उलटं केलं की बघणाराच बदलतो.

बहुतेक फंक्शन्स या बाबतीत इंग्रजीच्या वळणाची. कंसात पहिलं काय, दुसरं काय, हे लक्षात ठेवायचं. आणि क्रम ठरवणाऱ्यांचं आपसात एकमत नाही! युनिक्सच्या 'सीपी' कमांडला आधी मूळ फाइल, मग ती कुठे न्यायची ते. सी भाषेतल्या 'मेमसीपीवाय'ला बरोबर उलटं. पीएचपीत तर घरातच भांडण: 'स्ट्रपॉस'ला आधी कशात शोधायचं ते सांगा, 'इन अ‍ॅरे'ला आधी काय शोधायचं ते.

नकाशात बघा. गूगल मॅप्स आधी अक्षांश मागतं, जिओजेसन आधी रेखांश. पुणं साधारण १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व. आकडे उलटे पडले की पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात! प्रोग्रॅम तक्रार करत नाही, दोन्ही आकडे वैधच असतात. समुद्रातलं पुणं निदान डोळ्यांना दिसतं तरी. पैसे पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये दोन खाते क्रमांक उलटे गेले, तर 'खात्यातून' आणि 'खात्यात' यांची अदलाबदल होते आणि ते लगेच कळेलच असं नाही.

उपाय म्हणजे प्रत्यय लावणं, अर्थात प्रत्येक किमतीला नाव देणं. स्मॉलटॉकनं हे १९७०च्या दशकातच केलं. स्विफ्टमध्येही नावं आहेत, पण दोन्हीकडे क्रम पाळावाच लागतो. पायथनमध्ये नावं दिली की क्रम फिरवता येतो, अगदी मराठीसारखा. २००८ च्या पायथन ३ पासून नाव सक्तीचंही करता येतं. पीएचपीला ही सोय २०२० मध्ये, आठव्या आवृत्तीत मिळाली. डेमियन कॉनवे यांनी तर पर्लसाठी लॅटिन प्रत्ययांची आख्खी बोली बनवली, पर्लिगाटा. गंमत म्हणून, पण चालणारी.

मग सगळीकडेच नावं लावायची का? इथे मराठी जास्त शहाणी आहे. 'रमेशनं सुरेशला मारलं' यात 'ला' हवाच, कारण मारणारा कुणीही असू शकतो. 'मी आंबा खाल्ला' यात आंबा मोकळाच राहतो. आंबा मला खाणार नाही. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला एकच संख्या लागते, तिथे नावाची सक्ती म्हणजे 'मी आंब्याला खाल्लं'. पण एकाच प्रकारच्या दोन किमती शेजारी आल्या आणि उलट्या दिल्या तरी प्रोग्रॅम निमूट चालणार असेल, तर तिथे मी नावाशिवाय कोड पुढे जाऊ देत नाही. टीममध्ये यावरून वाद होतात, होऊ देत.

पुढच्या भागात लिंग आणि वचन. भेटूच.